बाजूच्या ब्रेकवरचा पाय

"मी नाही दाबला. दाबला गेला."

"वहिनी, दाबला गेला म्हणजे? पाय काय आपला आपण चालत गेला ब्रेकवर?"

"गेला म्हणा."

"मग त्याला वेगळी नोटीस देऊ का? पायाच्या नावानं?"

"द्या. माझं तरी कुठं ऐकतोय मेला. तुमचं ऐकला तर बघा."

दीर गाडीच्या खिडकीवर कोपर टेकून उभा होता, वहिनी आत बसून त्याला तोंड देत होती, आणि पलीकडं स्टिअरिंग धरून बसलेली पोरगी आपल्याला काहीच ऐकू येत नाही अशा थाटात काचेवरचा डाग निरखत होती. गाडी ऑफिसच्या दारातच, निघता निघता बंद पडलेली. मागून आलेल्यांनी हॉर्न वाजवून वाजवून शेवटी नाद सोडला आणि वळसा घालून निघून गेले.

आता ही वहिनी म्हणजे त्या अख्ख्या वस्तीची काकू. गाडी शिकवायचं काम करते. स्कूल दिराचं, गाडी दिराची, पण गाडीच्या आत काकूचं राज्य. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्याही पायाशी एक ब्रेक असतो. शिकणारा गोंधळला की बाजूच्यानं तो दाबायचा आणि दोघांचे प्राण वाचवायचे, एवढंच त्याचं काम. काकूच्या पायाशी तो ब्रेक इतकी वर्षं होता की रबराला तिच्या टाचेचा खळगा पडलेला.

ती गाडी शिकली सासऱ्याच्या पावाच्या व्हॅनवर. सासऱ्याचा हात मोडला, नवऱ्याला चष्म्याच्या दुकानातून उठता येईना, दीर तेव्हा शाळेत. पाव तर पहाटे दुकानांना पोचायलाच हवा. सासरा बाजूला बसून गळ्यातल्या झोळीतल्या हातानं दाखवायचा, ही वळवायची. पहिल्याच आठवड्यात तिनं एका बंगल्याचं फाटक आडवं केलं आणि फाटकवाल्यालाच गरम पाव खायला घालून परत आली. पुढं दिरानं स्कूल काढलं तेव्हा शिकवायला वहिनीइतका धीट माणूस त्याला दुसरा दिसला नाही. सुरुवातीला पुरुष माणसं तिच्या शेजारी बसायला लाजत. मग कुणाची तरी बायको पटकन शिकली आणि नवरा बाजूला बसून सूचना देत राहिला, तेव्हापासून पुरुषही यायला लागले.

एकंदरीत सगळं बरं चाललेलं. मग गेल्या थंडीत ते संत्र्याचं झालं.

एक शिकाऊ वळण घेत होता. तेवढ्यात काकूच्या नवऱ्याच्या दुकानावरची पाटी बदलत होते, आणि ती तिरकी बसतेय की काय म्हणून काकूनं मान वळवली. मान वळायला लागतो तेवढाच वेळ. तेवढ्यात गाडी फळवाल्याच्या हातगाडीला धडकली. माणसाला खरचटलंसुद्धा नाही. संत्री मात्र रस्ताभर अशी पळाली की जणू बादलीतून खेकडे सुटावेत. काकूनं खाली बसून एकेक गोळा केलं, पदराला पुसलं, परत रचून दिलं. फळवाला शिव्या द्यायला तयारच होता, पण बाई इतक्या मन लावून रचतेय बघून तोच म्हणाला, राहू द्या हो मावशी, खालचा थर मोठ्यांचा असतो.

त्या दिवसापासून तिचा पाय थांबेना.

आधी तो वाट बघायचा. शिकाऊ ब्रेकवर जातोय का, गेलाय का, पुरतोय का, हे सगळं बघून मगच उठायचा. आता कुठं पानाची सावली हलली तरी हा खाली. सिग्नल लांब असतानाच खाली. कुत्रं फुटपाथवर झोपलेलं असलं तरी खाली, उठेल म्हणून. घरी जेवताना टेबलाखाली फरशीवर थाप बसायची आणि नवऱ्याच्या ताटातला चमचा वाजायचा. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागं बसली की पुढच्या पत्र्याला लाथा. झोपेतही तेच. चष्मेवाला नवरा एकदा सकाळी नडगी चोळत म्हणाला, "लग्न बाईशी लावून दिलं होतं, झोपतोय घोडीशेजारी." डॉक्टरनं पाय ठोकून बघितला, वाकवून बघितला आणि सांगितलं की पाय ठणठणीत आहे, थोडं फिरत जा. फिरायला गेली तर प्रत्येक कोपऱ्यावर ब्रेक मारल्यासारखी थबकायची. मागून येणारी माणसं अंगावर आदळायची.

पण हे झालं घरातलं. खरी पंचाईत टेस्टच्या मैदानावर व्हायला लागली. तिथं काकूच्या जागेवर लायसनचा साहेब बसतो आणि तो पाय आखडून बसतो, मदत करत नाही. काकूची शिकाऊ मंडळी थांबायच्या रेघेपर्यंत झोकात यायची आणि रेघ ओलांडून तशीच झोकात पुढं जायची. कारण इतके दिवस गाडी रेघेवर आपोआपच थांबत आलेली. एकजण तर उतरून गाडीकडंच बघत राहिला. "रोज थांबायची," म्हणाला. त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं की रोज थांबवायचं कोण.

नापास व्हायची रांग लागली तेव्हा दिरानं काकूच्या ब्रेकखाली एक घंटी बसवली. पाय दाबला की ती रेडकू चिमटल्यासारखी केकाटायची, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशी.

"वाजली तर वाजू दे," दीर म्हणाला होता, "पण गरजेला वाजू दे. ह्या पोरीची टेस्ट होईपर्यंत बघतो. त्या दिवशी मी स्वतः मागं बसणार. तेव्हाही असंच चाललं तर वहिनी, तुम्ही ऑफिसात बसा. फळ्यावरची चिन्हं शिकवा. तेही कुणीतरी करायला लागतंच."

फळ्यावरची चिन्हं. म्हणजे पंख्याखाली खुर्ची, हातात छडी, लाल त्रिकोण, निळा गोल, आणि खिडकीतून आपलीच गाडी दुसऱ्या कुणाला घेऊन जाताना बघायची. काकू म्हणजे चहा उकळेपर्यंत गॅससमोर उभी न राहणारी बाई. ती घरी आली, पिशवी टाकली आणि नवऱ्याला म्हणाली, "मला खुर्चीत घालायला निघालाय तुमचा भाऊ. मेल्यावर घाला म्हणावं."

तर स्टिअरिंगवर बसलेली ती पोरगी म्हणजे सायकलवाली. हे तिचं वस्तीतलं नाव. बँकेच्या खालच्या तळघरात एक हॉल होता. तिथं जमिनीला खिळलेल्या सायकली रांगेनं मांडलेल्या, आणि ही समोरच्या सायकलवर बसून कानाला माइक लावून सगळ्यांना घाम फोडायची. तिथं ती वाघीण म्हणे. गाडीत मात्र भिजलेलं मांजर. एकदा नापास झालेली, तीही काकूच्याच पायानं. पण सरळ पोरगी होती. दीर आत गेला तशी तिनं काचेवरचा डाग सोडला आणि विचारलं, "काकू, तुमच्या पायाला काम कमी पडतंय का?"

"काम? दिवसभर कामच करतो तो."

"तो दचकतो. दचकणं वेगळं, काम वेगळं. तुम्ही माझ्याकडं या. सकाळच्या क्लासला. दमवू त्याला."

"मी? ह्या वयात? जागच्या जागी सायकल मारायला?"

"ह्या वयात तुम्ही मला जागच्या जागी गाडी मारायला शिकवताय. आज ऑफिसच्या दारातून हललो का आपण?"

काकूनं पट्टा सोडला आणि क्लासची वेळ विचारली.

दुसऱ्या दिवशी काकू तळघराच्या पायऱ्या उतरली ती मुलाची जुनी ट्रॅकपँट घालून, वर नेहमीचा कुडता. खाली अंधार. भिंतीवर जांभळे दिवे. समोर हा एवढा आरसा. रबराचा आणि घामाचा वास, कोपऱ्यात पंखे घरघरतायत. आणि सायकली तरी कसल्या, मागं चाकच नाही. पुढं एक जाडजूड लोखंडी तवा, तोच चाक. हँडलच्या खाली एक लाल मूठ. काकूनं सवयीनं खाली वाकून बघितलं.

"ह्याला ब्रेक कुठाय?"

"हीच मूठ," सायकलवाली म्हणाली. "फिरवली की चाक जड होतं, म्हणजे चढ. जोरात खाली दाबली की चाक जागीच थांबतं. पण एक लक्षात ठेवा. नेहमीच्या सायकलसारखं पाय सोडून बसायचं नाही. हे चाक थांबत नाही. तुम्ही थांबलात तरी ते तुमचे पाय घेऊन फिरतं. आधी हळूहळू कमी करायचं, मग मूठ दाबायची."

"म्हणजे ओढ ह्याची, आपण नुसते बांधलेले."

"बांधलेलेच." तिनं काकूचे बूट पट्ट्यात आवळले, सीट कमरेच्या हाडाला आणली आणि म्हणाली, "दम लागला तर बसा, हळू करा. कुणाची बरोबरी करायची नाही. आणि उद्या बूड दुखेल. परवा त्याहून जास्त. मग थांबेल."

"हे चांगलं सांगितलंस. आधीच."

क्लास सुरू झाला तशी छातीत ढोल बडवल्यागत गाणी लागली. सायकलवालीचा आवाजच बदलला. "सपाट रस्ता! पाय मोकळे! खांदे खाली!" काकूनं डोळे बारीक करून समोर बघितलं. कुठला रस्ता? समोर आरसा, आरशात स्वतः, आणि स्वतःच्या आजूबाजूला लोक आपापल्या जागी जीव तोडून कुठंही न जाणारे. पाय तिचे बरे चालत होते. घाम आला, बरं वाटलं. मग सायकलवाली ओरडली, "समोर वळण!" आणि काकूच्या उजव्या पायानं ब्रेक मारला.

ब्रेक तिथं नव्हताच. पेडल होतं, आणि पेडल त्या लोखंडी तव्याचं ऐकणारं. पायानं थांबायचं म्हटलं, चाकानं नाही म्हटलं. गुडघा वर आला, कंबर सीटवरून उडाली, आणि काकू क्षणभर हँडलवर अशी आडवी झाली, जशी दोरीवर वाळत घातलेली रजई. पाय पट्ट्यात, सुटका नाही. चाकानं तिला दोनचार फेरे फुकट फिरवलं आणि मगच शांत झालं.

"काकू, मूठ! मूठ दाबायची!"

"कळलं," काकू हँडलवरूनच म्हणाली.

इथवर ठीक. नवशिक्यांचं असं होतंच, कुणी वळूनही बघितलं नाही. पण पुढं चढ आला. "मूठ फिरवा, उठा सीटवरून!" सगळे उठले. काकूच्या शेजारी एक दातांचा डॉक्टर होता, उंच, टक्कल पडलेला. तो उभा राहून असा पेडल मारायला लागला की जणू पाठीमागं पोलीस लागलेत. काकूनं बाजूला बघितलं. सवयच ती, इतकी वर्षं शेजारच्याच माणसाकडं बघून पोट भरलेलं. डॉक्टरचं तोंड लाल, मग जांभळट, कपाळावरची शीर टरारलेली, तोंड उघडं. काकूला समोर चौक दिसला, चौकात ट्रक दिसला, सगळं दिसलं. तिनं हात लांब केला आणि डॉक्टरची लाल मूठ खाली दाबली. पक्की.

लोखंडी चाक जागच्या जागी मेलं. डॉक्टर मेला नाही, पण थोडक्यात राहिलं. तो हँडलवरून पुढं गेला, चष्मा उडून पंख्याच्या जाळीत अडकला, आणि गाण्याच्या आवाजातही सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वरात तो म्हणाला, "बाई, माझी सायकल तुम्ही थांबवलीत."

"तुमचं तोंड लाल झालेलं."

"ते तसंच असतं."

"इतकं?"

"जन्मापासून. आईला विचारा."

हॉल हसला. सायकलवालीनं गाणं बंद केलं आणि चष्मा काढून आणला, काडी वाकडी झालेली. काकू म्हणाली, आमच्या दुकानात द्या, सरळ करून देतील. डॉक्टर म्हणाला, देईन, पण तुमच्या शेजारी परत बसणार नाही.

क्लास संपल्यावर काकू पायऱ्यांवर बसून राहिली. मांड्या अशा थरथरत होत्या की उठून उभं राहायची सोय नव्हती. सायकलवाली शेजारी येऊन बसली, पाण्याची बाटली पुढं केली.

"हसू नको," काकू म्हणाली.

"हसत नाहीये."

"मला वाटलं पडतोय तो माणूस."

"त्याला मूठ नव्हती का? त्याच्या हाताखालीच होती."

काकू पाणी प्यायली. मग तिनं भांडल्यासारखं विचारलं, "तुला कसं कळतं गं? सगळे मरायला टेकलेले. लाल तोंडं, धापा. तू समोर बसून ओरडतेस नुसती, हात लावत नाहीस कुणाला. एखादा खरंच पडला तर?"

"पडायच्या आधी बोलणं बंद होतं," सायकलवाली म्हणाली. "मी मधूनमधून विचारत असते ना, कसं चाललंय, कुठवर आलो, काहीही. उत्तर आलं, शिवी आली तरी चालेल, म्हणजे माणूस शाबूत आहे. तोंड कसंही होऊ दे. विचारल्यावर नुसता बघत राहिला की मग मी उतरते. डॉक्टर तर चढावर जोक सांगत होता, तुम्ही मूठ दाबायच्या आधी."

"मला ऐकूच आलं नाही."

"तुम्ही ऐकत नव्हता. बघत होता."

काकूला हे बोलणं आवडलं नाही. शिकवणीच्या पोरीनं आपल्याला शिकवावं, तेही पायऱ्यांवर बसवून. ती उठली, भिंत धरून वर गेली, आणि दिवसभर दुकानात, स्वयंपाकघरात, गाडीत चिडचिडत राहिली. दुसऱ्या दिवशी बूड दुखलं. तिसऱ्या दिवशी गाडीच्या सीटवर उशी घेऊन बसली तर दिरानं विचारलं, "उंची कमी पडायला लागली का वहिनी?" तिनं त्याला सांगितलं की तुमच्याकडं बघायला उंची नाही, कमरेत वाकावं लागतं.

पण क्लास सोडला नाही. सायकलवालीनं तिला अगदी कडेच्या सायकलवर ठेवलं, हात लांब केला तरी कुणापर्यंत पोचणार नाही अशा बेतानं. पहिल्यांदा हात नुसता उठायचा आणि हवेतच राहायचा. मग तिनं तो हात स्वतःच्या मुठीवर ठेवायला सुरुवात केली. आणि कान दिला. अंधारात, त्या ढोलांच्या खालून, माणसं बोलत असायची. धापा टाकत, निम्मे शब्द गिळत, पण बोलत असायची. कुणी सायकलवालीला शिव्या घालायचं, कुणी देवाला. एकदा एक बाई विचारल्यावर बोलली नाही. सायकलवाली माइक टाकून तीन ढांगांत तिच्यापाशी. बाईला खाली बसवली, डोकं गुडघ्यात. बाकीचे पेडल मारतच राहिले.

काकूनं त्या दिवसापासून गाडीत शिकाऊंना बोलतं केलं. "काय दिसतंय ते सांग. मोठ्यानं. थांबू नको." लोकांना आधी लाज वाटायची. मग तोंड सुटायचं. पांढरी गाडी चाललीय. म्हातारा उभाय, ओलांडणार बहुतेक. सिग्नल हिरवा, पण जुना हिरवा, आता पिवळा होईल. बोलणं चालू आहे तोवर काकू उजवा पाय डाव्या पायाखाली दाबून बसायची. अक्षरशः, एका पायावर दुसरा देऊन, जसं दाराला दगड लावावा. पाय आतल्या आत उड्या मारायचा. घंटी कमी वाजायला लागली. पण पूर्ण थांबली असं नाही. कधी बोलणारा बोलत असतानाच पाय निसटायचा आणि केकाटायचं. शिकाऊ विचारायचा, काकू, मी काही चुकीचं बोललो का?

मग सायकलवालीच्या टेस्टचा दिवस आला. दीर कबूल केल्याप्रमाणं मागच्या सीटवर, मधोमध, दोन्ही गुडघे दोन्ही सीटांना टेकवून बसला. मैदान गावाच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी दुकानं उघडायची वेळ, रस्त्यात माल उतरवणारे ट्रक.

"बोल," काकू म्हणाली.

"काय दिसतंय ते?"

"सगळं. आणि मागं भावजी बसलेत ते सोडून."

सायकलवाली निघाली. "डावीकडं ट्रक उभाय. मागचं दार उघडंय. माणूस आत आहे. मी हळू करतेय." केलं. "पुढं पोरं. शाळेची. ती बघतायत माझ्याकडं. मी थांबतेय." थांबली, स्वतःच्या पायानं, जरा धक्का बसला पण थांबली. काकूचा पाय दाबलेला, मांडीला घाम. आणि मागून बारीक आवाज आला, बूट घासल्यासारखा. पुढच्या चौकात परत. सिग्नल पिवळा झाला, सायकलवाली बोलत बोलत थांबली, आणि मागं परत पायाखालच्या पत्र्यावर काहीतरी घासलं.

काकूनं वर बसवलेल्या आरशात बघितलं. दीर सरळ चेहऱ्यानं खिडकीबाहेर बघत होता. फक्त मांडी ताठ.

बाजारपेठेच्या तोंडाशी गर्दी होती. "सायकलवाला. तो सरळ जातोय. उजवीकडं बाई, पिशवी, ती थांबलीय. समोर..."

आणि बोलणं तुटलं.

समोरून रस्त्यात गादी चालत आली. उभी, निळ्या फुलांची, डबल बेडची. दोन माणसं तिच्या पलीकडून धरून चाललेली, पण त्यांचे पाय तेवढे दिसत होते, आणि ती माणसं रस्ता बघत नव्हती, गादी बघत होती. सायकलवालीचं तोंड उघडं, हात स्टिअरिंगवर, पाय आहे तिथं.

"काय दिसतंय?" काकूनं विचारलं.

उत्तर आलं नाही.

काकूनं ब्रेक दाबलाच, पूर्ण. घंटी अशी केकाटली की गादीनं सुद्धा दचकून वळण घेतलं. गाडी थांबली, गादीच्या काठाला बंपर लागेल न लागेल एवढ्या अंतरावर. आणि त्याच वेळी मागून धाड असा आवाज झाला आणि काकूच्या सीटला खालून गुद्दा बसला.

गादी रस्ता ओलांडून दुकानात शिरली. मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले.

"वाजली," दीर म्हणाला.

"वाजली," काकू म्हणाली. "पोरी, तुझा पाय होता का ब्रेकवर?"

"नाही," सायकलवाली म्हणाली. तिनं खोटं बोलून बघितलंसुद्धा नाही. "मी गादीकडंच बघत होते. मला कळेचना ती गादी आहे."

"बरं. घे पुढं. आणि बोलायला लाग." मग काकूनं मान न वळवता विचारलं, "भावजी, मागं काय पडलं?"

"काही नाही."

"सीटला लागलं माझ्या. अजून दुखतं हो तिथं."

दीर खाली वाकून बघत म्हणाला, "बूट अडकलाय. तुमच्या सीटखाली."

"तिथं ब्रेक नाहीये."

"माहितीये."

"चौकात पण घासत होतात."

"वहिनी, समोर बघा."

सायकलवाली खुदकन हसली आणि लगेच मोठ्यानं सांगायला लागली, समोर टेम्पो, टेम्पोवर खुर्च्या, एक खुर्ची सैल आहे, मी लांबून चाललेय. दीर उरलेला रस्ता खाली वाकून बूट सोडवत बसला.

मैदानावर साहेब आला, काकूच्या जागी बसला, दार लावून घेतलं. काकू आणि दीर कुंपणाच्या तारेपाशी उभे राहिले. गाडी फिरली. आठाचा आकडा घातला. मग रेघेकडं यायला लागली आणि काकूनं तार दोन्ही हातांनी धरली. लांबून दिसत होतं, सायकलवालीचं तोंड सतत चालू होतं. साहेब एकदा तिच्याकडं, एकदा मागच्या सीटकडं बघत होता, ही कुणाशी बोलतेय म्हणून. गाडी आली. काकूचा पाय मातीत रुतला. गाडी हळू झाली, आणखी हळू, आणि चाक रेघेच्या अलीकडं थांबलं. थोडं जास्तच अलीकडं. पण थांबलं, आणि साहेबाचे पाय आखडलेलेच होते, ते काकूनं उंच होऊन, मान लांब करून बघितलं.

साहेबानं उतरताना सायकलवालीला विचारलं म्हणे, बाई, तुम्ही रेडिओत काम करता का.

"झाली पास," दीर म्हणाला.

"दिसलं मला."

त्यानं खिशात हात घातले, काढले, परत घातले. "मी रोज नाही बसणार मागं," तो शेवटी म्हणाला. "माझ्याच्यानं होत नाही. घंटी राहू दे पण. गरजेला वाजली तर हिशोब विचारणार नाही मी."

"आणि बिनगरजेला वाजली तर?"

"ते तुमचं तुम्हाला कळेल. मला कशाला विचारता."

फळ्यावरच्या त्रिकोणांसाठी दुसरा माणूस बघा, एवढंच काकूनं त्याला सांगितलं, आणि सायकलवालीला म्हणाली की उद्या क्लासला उशीर होईल, तू सुरू कर. सायकलवाली म्हणाली, उद्या नवा रस्ता आहे, लांब चढाचा, आणि डॉक्टर विचारत होते तुम्ही येणार का ते. कडेला बसवणार असशील तरच, काकू म्हणाली.

दीर पायीच ऑफिसकडं निघाला. गाडीत बसायला नको म्हणाला. काकू गाडी घेऊन पुलापाशी गेली. तिथं पुढचा शिकाऊ घड्याळ बघत उभा होता. रिटायर झालेले गुरुजी. आयुष्यभर वर्गाला गप्प बसवलेला माणूस, स्वतः कामापुरतंच बोलणारा. नमस्कारसुद्धा मानेनं. ते स्टिअरिंगवर बसले, आरसा नीट केला, पट्टा लावला, आणि चावीसाठी हात पुढं केला.

काकू आपल्या जागी सरकली, पाय पायावर दाबला, चावी मुठीत धरून ठेवली.

"आधी तोंड उघडा, गुरुजी," ती म्हणाली. "समोर काय दिसतंय?"

गुरुजींनी समोर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"रस्ता," ते म्हणाले.

"अजून?"